मूळ गाव, भाऊबंद आणि वाटा

इतिहासाच्या विषयावर बोलण्यासाठी कामगार संघटनेच्या माणसास पाचारण करण्यात चालकांनी थोडे धाडसच केले आहे. आमचे शाळेचे शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विद्वानांच्या वादात शिरण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु गेली पंचवीस-तीस वर्षे पगारपत्रके, हजेरीपट आणि करारनामे यांच्याशी संबंध आल्यामुळे एक सवय मात्र जडली आहे. कोणताही कागद समोर आला, की तो कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि त्यात कोणाचे नाव नाही, हे आम्ही आधी पाहतो. आजच्या विषयाकडेही आम्ही त्याच सवयीने पाहणार आहोत.

विषय साधा आहे. एखादे घराणे पिढ्यानपिढ्या परमुलखात राहते. मग त्यातल्या कोणा एकाला वाटू लागते, की आपले मूळ गाव डोळ्यांनी पाहावे, भाऊबंदांपैकी कोण उरले असतील त्यांना भेटावे. तो निघतो, शोधत शोधत पोहोचतो आणि दारात उभा राहतो. दारातून आत काय पाहायला मिळते, आणि आतली माणसे त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, एवढाच आजचा प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वी वेरूळला घृष्णेश्वराच्या देवळाबाहेर आम्हांस एक वृद्ध जोडपे भेटले. चेहरेमोहरे आपल्याकडचे, पण आपसांतले बोलणे कानाला अगदी अनोळखी. चौकशी करता कळले, की ती मंडळी मॉरिशसची, आणि ते बोलणे म्हणजे तिथली क्रिओल भाषा. गृहस्थ आमच्याशी मात्र मराठीत बोलू लागले. ते मराठी जपून, एकेक शब्द निवडून बोललेले होते. लहानपणी संध्याकाळच्या बैठकीत शिकलो, असे ते म्हणाले. गणपतीची आरती त्यांना आपल्यापेक्षा शुद्ध पाठ होती. लेणी पाहून ते कोकणात जाणार होते. खिशात प्लास्टिकच्या पाकिटात घडी केलेला एक कागद होता. त्यावर त्यांच्या खापरपणजोबांचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जहाजाचे नाव, एक क्रमांक, आणि गावाचे नाव होते. गावाचे नाव इंग्रजीत असे लिहिले होते, की ते तीन निरनिराळ्या रीतींनी वाचता यावे. त्यांच्या प्रवासाची हकीकत पुढे येईलच. पण ती मंडळी ज्या जागी भेटली, ती जागाही आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

वेरूळ हे भोसले घराण्याचे गाव, हे आपण सारे जाणतो. बाबाजी भोसल्यांकडे वेरूळची पाटीलकी होती. त्यांचे पुत्र मालोजी आणि विठोजी निजामशाहीच्या चाकरीत वर आले. घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केला, आणि अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी ते नव्याने बांधले. मालोजींचे पुत्र शहाजीराजे. शहाजीराजांचा एक पुत्र पुण्यात वाढला, ते छत्रपती शिवाजी महाराज. दुसरा पुत्र कर्नाटकात बापाजवळ वाढला, ते व्यंकोजीराजे. व्यंकोजींनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले, आणि वेरूळच्या पाटलाचा वंश कावेरीच्या काठी राजा झाला. दोघे भाऊ एका बापाचे, पण आया वेगळ्या, मुलूख वेगळे आणि चाकरीही वेगळी.

१६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत महाराज या भावास भेटले. कोल्लिडम नदीच्या काठी तिरुमळवाडीस ही भेट झाली. आपण शाळेत हा प्रसंग दोन ओळींत उरकतो. वास्तविक तो सावकाश वाचण्याजोगा आहे. शहाजीराजांना जाऊन तेरा वर्षे झाली होती. त्यांची कर्नाटकातली दौलत सारी व्यंकोजींच्या हाती होती, आणि तिचा निम्मा वाटा थोरल्या भावाने मागितला. काही दिवस मेजवान्या झाल्या. मग एके रात्री व्यंकोजी कोणास न सांगता नदी उतरून तंजावरला निघून गेले. पुढे लढाईही झाली, तीत व्यंकोजींच्या फौजेचा मोड झाला. अखेर रघुनाथपंत हणमंते यांच्या मध्यस्थीने तह झाला, आणि महाराजांनी बंगळूरकडचा मुलूख भावजयीस, म्हणजे दीपाबाईस, दिला. पुढे व्यंकोजी उदास होऊन राज्यकारभारातून मन काढू लागले, तेव्हा याच भावाने त्यांना पत्र लिहून पुन्हा उद्योगास लागण्याचा उपदेश केला.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की इतक्या दिवसांनी भेटलेल्या भावांत पहिला विषय निघाला तो वाट्याचा. जी गोष्ट आपल्या वाड्या-वस्त्यांवर दोन एकरांसाठी होते, तीच तिथे एका मुलखासाठी झाली. जोवर वाटा उभा होता तोवर भाऊ भावाला दिसत नव्हता. वाटा मिटल्यावर तो दिसू लागला. ममतेचे पत्र तहानंतरचे आहे, आधीचे नव्हे.

तंजावरच्या भोसल्यांनी आपले मूळ विसरू दिले नाही. दुसरे सरफोजीराजे यांनी १८०३ साली तंजावरच्या बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा सारा वृत्तांत मराठीत कोरून घेतला. 'भोसले वंश चरित्र' या नावाने तो प्रसिद्ध आहे, आणि आपल्या देशातल्या अतिशय मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. वेरूळपासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर, तमिळ मुलखात, चोळ राजाच्या देवळाच्या भिंतीवर मराठी अक्षरे उभी आहेत! १८५५ साली राजा निपुत्रिक वारला आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. पण भिंत राहिली, सरस्वती महाल ग्रंथालय राहिले, आणि कित्येक घरांत तंजावरी मराठी बोलणेही राहिले. राजाच्या वंशजाला आपले मूळ शोधावे लागत नाही. ते दगडात लिहिलेले असते.

पण राजाबरोबर गेलेल्या पालखीच्या भोयांचे, मोतद्दारांचे, पाणक्यांचे मूळ कोठे लिहिले आहे? त्या भिंतीवर नाही. आपल्याकडे वंशावळी राखणारे भाट होते, हेळवी होते. त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्री तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या कुळांची नोंद पिढ्यानपिढ्या आहे. ही मोठीच सोय होय. परंतु वहीत नाव चढण्यासाठी क्षेत्री जावे लागे, आणि दक्षिणा द्यावी लागे. ज्याला देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्याचे नाव उपाध्यायाच्या वहीत कोठून येणार? गरिबाचे मूळ सांगणारा कागद असलाच तर तो गरिबाने लिहवून घेतलेला नसतो. तो त्याच्या धन्याने आपल्या सोयीसाठी लिहिलेला असतो. हे आम्हांस त्या मॉरिशसच्या गृहस्थाच्या हातातल्या कागदाने शिकवले.

त्या कागदाचा इतिहास असा. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशस बेटावर गुलामगिरी कायद्याने बंद झाली. उसाचे मळेवाले आधीपासूनच नव्या मजुरांच्या शोधात होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरास लागले. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ पाच लाख हिंदी माणसे त्या बंदरात उतरली. कलकत्ता आणि मद्रास यांच्या मानाने मुंबई बंदरातून गेलेले थोडे. त्यांत रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी या बाजूचे कोकणी लोक पुष्कळ होते. कर्ज, दुष्काळ, घरचा तंटा आणि दलालाची गोड जीभ, या चार दोरांनी माणूस बोटीपर्यंत ओढला जाई. करार पाच वर्षांचा असे. त्यावर अंगठा उठे. त्या करारात काय लिहिले आहे, हे अंगठा उठवणाऱ्यास सांगितलेच जाई, असे मात्र नाही.

मळ्यावरचा एक नियम ऐकून आमच्या संघटनेतली पोरे चकित होतात. मजूर एक दिवस गैरहजर राहिला, तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापली जाई. आजारपणाच्या दिवसांचीही गय नव्हती. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला तर रस्त्यावर त्याला धरून तुरुंगात टाकीत. त्या काळी आपल्याकडच्या जहागीरदारांच्या घरीही छायाचित्र दुर्मिळ होते. या कुळंब्यांची छायाचित्रे काढली गेली, ती पळालेला माणूस ओळखता यावा म्हणून! १८७१ साली आदोल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका गोऱ्या गृहस्थाने या मजुरांचा अर्ज लिहिला. त्यावर नऊ हजारांहून अधिक लोकांनी निशाण्या केल्या. त्याचा परिणाम म्हणून विलायतेहून चौकशीसाठी आयोग आला. मळेवाल्यांनी या प्लेविट्झला भर रस्त्यात मारहाण केली, हेही नमूद केले पाहिजे.

पुढची कथा आमच्या जिव्हाळ्याची आहे. १९३६ साली डॉ. मोरिस क्युरे यांनी तेथे मजूर पक्ष काढला. १९३७ साली उसाच्या भावावरून उठलेल्या चळवळीत गोळीबार झाला आणि माणसे मेली. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू आरेल येथे संपावरच्या मजुरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यात अंजले कुपन ही गरोदर स्त्री ठार झाली. आज तेथील एका क्रीडांगणास तिचे नाव आहे. १२ मार्च १९६८ रोजी तो देश स्वतंत्र झाला. मजूर ज्या घाटावर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. आणि २ नोव्हेंबर हा दिवस तेथे सार्वजनिक सुटीचा असतो. गणेश चतुर्थीलाही तेथे सुटी असते.

मळेवाल्यांनी आणि सरकारने धाकासाठी भरलेले ते रजिस्टर मात्र टिकले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ते जपून ठेवले आहे. ज्या वहीने पणजोबाला जखडले, तीच वही आज पणतवास त्याचे गाव सांगते. अर्थात जेवढे सांगता येते तेवढेच. कारकुनाने गावाचे नाव ऐकले तसे लिहिले. बापाचे किंवा स्वतःचे पाळण्यातले नाव पुढे आडनाव होऊन बसले. खरे आडनाव समुद्रातच बुडाले म्हणावयाचे.

आता त्या गृहस्थांची हकीकत. कोकणातून परतताना त्यांनी आम्हांस फोन केला, आणि तासभर बोलत होते. एका नावाची तीन गावे निघाली. ते तिन्ही गावांना गेले. पहिल्या दोन ठिकाणी लोकांनी चहा पाजला आणि वाटेला लावले. तिसऱ्या गावी एका घरी बसावयास पाट मिळाला. घरधन्याने कागद उलटसुलट पाहिला आणि हळूच विचारले, "जमिनीचा काही विषय आहे का?" पाहुण्यास हा शब्दच कळेना. कळला तेव्हा तो हसू लागला. म्हणाला, मला जमीन नको, ज्या दारातून तो बाहेर पडला ते दार दाखवा. दार कोठले दाखवणार? घर दोनदा नवे बांधले होते. सारे गप्प बसले. तेवढ्यात आतून म्हातारी बाहेर आली आणि तिने एकच प्रश्न केला, "तुमचो देव खंयचो?" पाहुणे म्हणाले, "रवळनाथ." मॉरिशसमध्ये त्यांच्या घरी वर्षातून एकदा या नावाने नारळ ठेवीत, हा देव कोण, हे मात्र घरात कोणालाच ठाऊक नव्हते. म्हातारी उठली, गूळ-पाणी आणून दिले, आणि म्हणाली, आमच्या सासऱ्याच्या तोंडी एक गोष्ट होती, कोणी एक बोटीत बसून गेला तो गेलाच.

तो गेलेला हाच की नव्हे, यास पुरावा काही नाही. रवळनाथाला मानणारी घरे त्या मुलखात हजारो आहेत. पाहुण्यांनाही ते ठाऊक होते. तरी ते त्या घरी दोन रात्री राहिले. आम्ही विचारले, "खात्री नसताना तुम्ही काय मिळवलेत?" ते म्हणाले, "आमच्याकडे गोष्ट निघून जाण्यापासून सुरू होते. त्या घरात ती निघून जाण्यापाशी संपते. दोन्ही तुकडे एकाच ठिकाणी ऐकले."

आता थोडे आमचे स्वतःचे सांगितले पाहिजे, कारण आमचेही मूळ गाव परमुलखात आहे. फरक इतकाच, की तो मुलूख पाण्याखाली आहे. जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. गोदावरीचे सुमारे १०२ अब्ज घनफूट पाणी अडवणारा नाथसागर शंभरावर गावे पोटात घेऊन बसला. त्यांतले एक आमचे. आम्ही तेव्हा कडेवर होतो. ज्याच्या नावाने सातबारा होता, त्याला मोबदल्याचा कागद मिळाला. जो दुसऱ्याच्या शेतात राबत होता, त्याचे गाव बुडाले तरी कागदोपत्री त्याचे काहीच बुडाले नाही. आमचे आजोबा थोडक्या जमिनीचे धनी, म्हणून यादीत होते. शेजारचे मांग आणि कोळी यांची घरे कोठे पांगली, याची कोठे वही नाही. ज्या वर्षी लोकार्पण, त्याच वर्षी राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला. गाव तोपर्यंत उठले होते. वडील औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरास आले आणि चिकलठाण्याच्या कारखान्यात लागले. ज्या पाण्याने गाव गेले, तेच पाणी पुढे नळाने या शहरात आले, कारखान्यांतही आले. वडील ते पिताना कधी काही बोलले नाहीत.

२०१६ च्या उन्हाळ्यात, ज्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, नाथसागराचा उपयुक्त साठा संपला आणि गाळातून गावे वर आली. आम्ही वडिलांस घेऊन गेलो. वाळलेल्या गाळाच्या ढेकळांतून मैलभर चालल्यावर जोती दिसू लागली. मारुतीचा पार होता, विहिरीचे तोंड होते, एका ओसरीच्या जागी जात्याची तळी पडली होती. वडील काठीने दाखवीत चालले होते, हा वेशीचा दगड, हे सुताराचे घर. एवढ्यात एक मनुष्य तिकडून आला. धरणाचे पाणी मागे हटले, की उघड्या पडलेल्या गाळावर लोक पीक घेतात, त्यास गाळपेर म्हणतात. त्या माणसाने आमच्याकडे संशयाने पाहिले आणि विचारले, "गाळपेरीच्या वाट्यासाठी आलात काय?"

मित्रहो, तिरुमळवाडीस जे निघाले, कोकणातल्या ओसरीवर जे निघाले, ते आमच्या बुडालेल्या गावातही निघाले! नाव विचारता कळले, की हा आमच्या चुलत आजोबांचा नातू. त्यांच्या आणि आमच्या आजोबांत एका बांधावरून अकरा वर्षे कज्जा चालला होता. दोन्ही घरांचे येणे-जाणे बंद होते. वडिलांनी त्यास विचारले, "तो बांध कोठे होता, सांगशील?" तो म्हणाला, "आमच्या बापाने दाखवला होता, पण आता समजत नाही." दोघांनी पुष्कळ वेळ शोधला. बांध काही सापडला नाही. मग दोघे पारावर बसले, भाकरी सोडली, आणि वडिलांनी चाळीस वर्षांत प्रथमच त्या घरच्या मेलेल्या माणसांची नावे विचारून घेतली. आम्ही ती वहीच्या मागच्या पानावर लिहिली. सतरा नावे भरली. पुढच्या दोन वर्षांत वडील गेले. ती वही आज आमच्याकडे आहे, आणि आमची वंशावळ म्हणतात ती तेवढीच आहे.

यावरून भाऊबंदकी वाईट, वाटा मागणे वाईट, असा उपदेश आम्ही करणार नाही. हक्काचा वाटा मागणे हाच आमचा जन्माचा धंदा आहे! वाटा मागितलाच पाहिजे. परंतु मागावयाचा कोणाकडे, याचा विवेक हवा. दोन भाऊ एका बांधासाठी अकरा वर्षे भांडले, आणि बांध, शेत, गाव हे सारे ज्या निर्णयाने गेले, त्या निर्णयात दोघांपैकी एकालाही कोणी विचारले नाही. मॉरिशसच्या मजुरांनी नऊ हजार निशाण्या एका कागदावर केल्या, तेव्हाच आयोग आला. एकेकट्याने केलेल्या अर्जाने आला नसता.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आज वाळूजला आणि शेंद्र्याला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा या प्रांतांतली आणि आपल्याच बीड-जालन्याकडची हजारो मुले ठेकेदाराच्या हाताखाली कामास आहेत. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी जो कायदा झाला, त्यात ठेकेदाराने प्रत्येक कामगारास छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे, असे कलम होते. मॉरिशसचे छायाचित्र मजुरास पकडण्यासाठी होते. हे त्याच्या रक्षणासाठी योजले होते. शंभर वर्षांत जगातल्या कामगारांनी काय मिळवले, ते या दोन छायाचित्रांच्या फरकात आहे. परंतु आम्ही कित्येक ठिकाणी हजेरीपट तपासला, तेव्हा त्यात निम्म्या मुलांची नावेच आढळली नाहीत. एक मुलगा यंत्रात बोटे गमावून बसला, तेव्हा तो तेथे कामास होता हे सिद्ध करण्यातच आमचे आठ महिने गेले. मॉरिशसच्या मळेवाल्याने निदान नाव तरी लिहिले होते.

या मुलांची नातवंडे उद्या विचारतील, आमचा आजा कोठून आला, कोणत्या कारखान्यात होता? त्यांना सांगावयास भिंत नाही, भाट नाही. तेव्हा ज्यांच्या कारखान्यात, दुकानात, बांधकामावर अशी माणसे आहेत, त्यांनी त्यांचे पुरते नाव, बापाचे नाव आणि गावाचे नाव शुद्ध लिहून ठेवावे. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तसे लिहिले जाते की नाही, ते पाहावे. आणि आपण प्रत्येकाने घरी गेल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या माणसांजवळ वही-पेन्सिल घेऊन बसावे. आमच्या वहीत सतरा नावे आली, ती पाणी आटल्यामुळे. तुम्ही पाणी आटण्याची वाट पाहू नये, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.